रानात जायची पिशवी

शेतकऱ्याच्या पोराला मुद्दाम रान दाखवायला न्यावे लागेल, असे पन्नास वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. पोर रानातच वाढत होते. आज आमच्या सरावलीत शेतकऱ्याच्या नातवालाही ते दाखवावे लागते. एका अंगाला बोईसर, पलीकडे तारापूरचे कारखाने, मध्ये भाड्याच्या खोल्यांच्या चाळी, आणि भातखाचरे उरली आहेत ती या सगळ्याच्या मधूनमधून. पोर सकाळी रिक्षाने शाळेत जाते, संध्याकाळी शिकवणीला. उरलेला वेळ मोबाईलचा. गेल्या पावसाळ्यात लावणी चालू असताना धाकट्या नातवाने मला विचारले, "आजी, हे गवत कशाला लावता?" वय वर्षे पाच. मला हसू आले नाही.

तेव्हाच ठरवले, की दिवाळीच्या सुट्टीपासून महिन्यातले दोन रविवार पोरांना घेऊन बाहेर पडायचे. थोरली आठ वर्षांची आहे. कधी आमच्याच बांधावर, कधी सूर्या नदीच्या काठाला, कधी वाघोबा खिंडीच्या बाजूला, कधी चिंचणीच्या समुद्रावर. सून मात्र तयार होईना. "आई, साप निघाला तर? पोर पाण्यात गेलं तर?" आमचे हे ओटीवरून म्हणाले, "आम्ही नाही का अनवाणी फिरलो? आम्हाला काय झालं?"

हे बोलणे घरोघरी ऐकू येते, पण ते पुरते खरे नाही. जे परत आले तेच आज गोष्टी सांगायला बसले आहेत. माझ्या माहेरच्या आळीतली सात वर्षांची मुलगी गवत आणायला गेली होती. पायाला काही चावले. घरच्यांनी भगताकडे नेले, रात्रभर मंत्र झाले, पहाटे पोर गेली. तेव्हा सुनेची भीती काही शहरी नखरा नव्हे. तिला तोंडाने उत्तर देण्यापेक्षा पिशवीने द्यावे, असे मी मनाशी धरले. तिच्यासमोरच सामान मांडले आणि तिच्याच हातांनी भरले.

पिशवी भरताना मी एकच हिशेब धरते. तिथे जे मिळते ते न्यायचे नाही, आणि तिथे जे मिळणार नाही ते घरी ठेवायचे नाही. खेळणी, चेंडू, रंगांच्या पेट्या घरीच राहू द्याव्यात. हा हिशेब काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आमच्या या भागात, तो ठाणे जिल्ह्यात होता तेव्हाच, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो करून दाखवला. १९४५ साली त्यांनी बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले गुरे राखायला जात, ती शाळेत कुठून येणार? तेव्हा या बायांनी शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. माँटेसोरीची विकतची साधने महाग, गरिबाला न परवडणारी. म्हणून पाने, फुले, बिया, खडे, शंखशिंपले हीच साधने झाली. मोजायला बिया, रंग ओळखायला फुले, लहानमोठे लावायला खडे. आपल्याला तर शाळाही भरवायची नाही, नुसते फिरून यायचे आहे.

आता जे तिथे मिळणार नाही त्याचे सांगते. पहिले पाणी. ओढ्याचे पाणी पोरांना पाजू नये, आणि ज्या पाण्याला रंग किंवा वास आहे त्यात पायसुद्धा घालू देऊ नये. आमच्याकडे कारखाने असल्यामुळे हे दोनदा सांगावे लागते. अर्ध्या दिवसाला माणशी एक लिटर मी धरते. पोर तहान लागली म्हणून सांगत नाही, खेळात विसरते; म्हणून दर अर्ध्या तासाला आपणच प्यायला लावावे. जोडीला क्षारसंजीवनीची एक पुडी ठेवावी, आशाताईंकडे मिळते. नसली तर एक लिटर पाण्याला चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या मोठ्यांना पाठ असावे. खाण्याचे फार बोलत नाही. तांदळाची भाकरी, गूळ-शेंगदाणे, केळी, उकडलेली रताळी. दुधाचे पदार्थ उन्हात नासतात आणि खारट चटणी तहान वाढवते, एवढे पाहिले की झाले.

दुसरी वस्तू जुने लुगडे. नऊवारी सुती, धुऊन धुऊन मऊ झालेले. दुकानात पोरांच्या सहलीसाठी चटया, छत्र्या, पट्टे असे काय काय मिळते, पण हे एक लुगडे त्या सगळ्यांचे काम करते. खाली अंथरले की बैठक. दोन झाडांना बांधले की सावली. पोराला झोप आली की त्याची झोळी होते, आणि पाय दुखतात म्हणून रडायला लागले की पाठीशी बांधून घरी आणता येते. पाच वर्षांचे पोर जाताना उड्या मारत जाते, येताना त्याचे पाय जड होतात, हे बाहेर पडणाऱ्याने आधीच धरून चालावे. म्हणून जिथवर जायचे मनात असेल त्याच्या निम्म्यावरूनच मी परत फिरते. वाघोबा खिंडीच्या वर काळदुर्ग आहे, तो तरुण पोरांनी चढावा. आम्ही खिंडीपाशी झाडाखाली बसतो, मुंग्यांची रांग पाहतो आणि उतरतो. लुगड्याचा एक पदर फाडला तर पट्टीही होते, पण ते पुढे.

पोरांच्या अंगात पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, डोक्याला टोपी, पायात बूट. चपला नकोत. चपलेत काटा शिरतो आणि खाडीच्या चिखलात चप्पलच राहते. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटकायचा, ही सवय आधी मोठ्यांनी लावून घ्यावी.

प्रत्येक पोराच्या खांद्याला त्याची स्वतःची लहान शबनम असावी. तीत त्याची पाण्याची बाटली, मूठभर खाऊ, एक रिकामा डबा आणि गळ्यात दोरीने शिट्टी. चुकलास तर धावायचे नाही, जवळच्या झाडाला धरून उभे राहायचे आणि शिट्टी वाजवायची, हे घरच्या अंगणात खेळ म्हणून चारदा करून घ्यावे. अंगणात केलेले रानात आठवते.

रिकाम्या डब्यात पोर काय भरते हा मात्र नाजूक विषय आहे. शंख, पिसे, बिया, सुकी पाने, काहीही भरू द्यावे, पण तोंडात काही घालू देऊ नये. गुंजा लालभडक आणि गोजिऱ्या, पण चावून फुटली तर विषारी. धोतरा तसाच, एरंडाची बी तशीच. सगळ्यांत वाईट कुंपणाची चंद्रज्योत, जिला मोगली एरंड म्हणतात. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणून एकाने खाल्ली की सगळी खातात, आणि मग शाळेच्या शाळा उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या येतात. या चार झाडांची ओळख मी पहिल्याच फेरीत करून दिली. खाजकुयलीची मात्र वेगळी शिकवण लागत नाही, एकदा लागली की पोर स्वतःच लांबून जाते.

औषधांच्या डब्यात साबणाची वडी, कापूस, चिमटा, जंतुनाशक मलम, एवढेच. सापावर डब्यात काही नाही, कारण सापाच्या विषावर दवाखान्यातल्या प्रतिविषाच्या इंजेक्शनावाचून दुसरा उपाय नाही. म्हणून निघण्यापूर्वीच चौकशी करावी, की जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात ते ठेवलेले असते आणि तिथे पोचायला वाहन कोणते. १०८ नंबर मोबाईलमध्ये असावा आणि मोबाईल पुरता भरलेला असावा. चावलेच, तर पोराला धीर द्यावा, चालवू नये. पायातले वाळे, पैंजण, काळा दोरा लगेच काढावा, कारण पुढे सूज येते. मग सरळ काठी लावून लुगड्याच्या पट्टीने पाय सैलसर बांधावा, तो हलू नये एवढ्यापुरता. आवळून बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने चोखणे यांतले काही करू नये. साप मारून दाखवायला नेण्यात वेळ घालवू नये. मण्यार चावलेले फारसे दुखतही नाही, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये. लाल विंचवाचेही तेच, थेट दवाखाना. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणात प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाची अनेक माणसे वाचवली, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध द्यायचे ते डॉक्टरांनी, आपण पोचवायचे काम करावे. हा सगळा भाग मी सुनेला दोनदा सांगितला आणि तिच्याकडून एकदा म्हणवून घेतला.

उलट बाजूही सांगते. हातात एक लांब काठी घेऊन पुढे मोठ्या माणसाने चालावे, गवतावर आपटत जावे. बहुतेक साप वाट सोडतात. घोणस मात्र पाचोळ्यात पडून राहते, हलत नाही. तेव्हा पाचोळ्यात आणि दगडाखाली हात घालायचा नाही. उजेडात निघावे, उजेडात परतावे.

समुद्रावर जायचे तर पिशवीआधी पंचांग काढावे. आमच्याकडे जुनी रीत आहे, की तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ साधारण कळते. पंचमीला पाचाचे पाऊणपट पावणेचार, म्हणजे भरती पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाला पाणी लांब आत गेलेले असते. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरावे; तेव्हा भरती दुपारच्या आधी येते आणि उधाणाची असते, पोरे नेऊ नयेत. ही रीत ढोबळ आहे, पुढेमागे होते, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळी बंधूंना विचारल्यावाचून पाण्याकडे जात नाही. चिंचणीचा किनारा सपाट, पाणी दूर जाते आणि फिरले की भराभर येते. पाणी उतरत असताना पोरांना वाळूत सोडायचे, फिरले की लुगडे उचलायचे. त्या दोन तासांत खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची काढलेली रांगोळी पाहून धाकटा एवढा रमला, की भाकरी खायला उठेना.

आकाशात ढग गडगडू लागले तर मात्र वाट न पाहता पक्के घर गाठावे. परतीच्या पावसात दुपारनंतर वीज पडते. एकट्या ताडाखाली कधी उभे राहू नये.

परत आल्यावर आधी अंघोळ, कानामागे आणि काखेत गोचीड पाहणे, आणि डबा रिकामा करणे. जिवंत गोगलगाय डब्यात राहिली तर दुसऱ्या दिवशी घरभर वास सुटतो. जिवंत असेल ते आम्ही तिथेच सोडून येतो. थोरली आता त्यावर लक्ष ठेवते.

येत्या षष्ठीला रविवार येतो, चिंचणीला जायचे आहे. या वेळी सूनही येते म्हणाली. तिच्यासाठी एक बाटली जास्त धरली आहे.