मॉरिशसमध्ये जेवायचं कुठे?

मॉरिशसला जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला असा, की हॉटेल ठरवताना फक्त नाश्ता घ्या, रात्रीचं जेवण घेऊ नका. एजंट याच्या उलट सांगेल. आम्हाला सांगण्यात आलं होतं, की बाहेर खाणं महाग पडतं, संध्याकाळनंतर काही मिळत नाही आणि ‘तुमच्या लोकांना’ हलालची अडचण येईल. यातलं पहिलं ग्राँ बेसारख्या पर्यटकांच्या किनाऱ्यावर खरं आहे. दुसरं अर्धं खरं. तिसरं साफ खोटं, कारण त्या बेटावर साधारण दर सहावा माणूस मुसलमान आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघं गेलो होतो. मी, नवरा आणि बारावीची परीक्षा दिलेली मुलगी. पहिल्या दोन रात्रींचं जेवण पॅकेजातच होतं. हॉटेलचं नाव घेत नाही. बुफेत डुकराचं मांस आणि कोंबडी शेजारी शेजारी, आणि दोन्हींना चिमटा एकच. रस्सा कशाचा विचारलं, तर त्यात वाइन. वाढणारा मुलगा बिचारा भला होता. हळूच म्हणाला, "डाल-चावल ले लीजिए." मुलगी म्हणाली, "अम्मी, एवढं विमानाचं तिकीट काढून आपण वरणभात खातोय."

तिसऱ्या दिवशी बसने पोर्ट लुईस गाठलं. राजधानीचं गाव, पण पर्यटक दोन तास फिरून परत जातात. खाण्यासाठी जायचं असेल तर कामकाजाच्या दिवशी, आणि दुपारी जा. चार-पाच वाजले की विक्रेते आवरायला लागतात. रविवारी दुपारनंतर तर गाव मोकळंच होतं.

तिथे सगळ्यात आधी खायची ती ढोल पुरी. नाव पुरी, पण तळलेली नसते. चण्याची डाळ उकडून, वाटून पातळ पोळीत भरलेली. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घ्या आणि हळद-जिरं घाला, म्हणजे जवळपास तीच. मूळ बिहारच्या दालपुरीत आहे. ती एक कधी घ्यायची नाही, जोडीच घ्यायची. दोन पुऱ्या एकमेकींवर ठेवून त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांच्या कडधान्याची पातळ भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि वाटलेली मिरची घालतात. कागदात गुंडाळून हातात देतात. उभ्यानेच खायचं. रोझ हिल गावातल्या ‘देवा’ची ढोल पुरी नावाजलेली आहे. पण जिथे ऑफिसातले लोक रांगेत उभे दिसतील ती कुठलीही गाडी चालेल. पुरी शाकाहारी, त्यामुळे हलालचा प्रश्नच उरत नाही.

मिरचीच्या बाबतीत मात्र जपून. त्यांचं ‘थोडी’ आपल्याला पुष्कळ होतं.

मुख्य बाजारात आलुदा मिळतो, पिल्लेंच्या ठेल्यावर गर्दी असते. हा आपला फालुदाच. दूध, सरबत, अगर-अगरचे तुकडे आणि सब्जाचं बी. या बीला तिथे ‘तुकमारिया’ म्हणतात. मी पेला हातात धरून तिथेच थांबले. तुख्म म्हणजे फारसीत बी. वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला तर आमच्या उर्दूच्या मुलांनाही समजावून द्यावा लागतो, आणि इथे सरबतवाला दिवसातून शंभरदा उच्चारत होता. नंतर मला नादच लागला. चटणीची तिथे ‘सातिनी’ झाली आहे. अचारचं ‘झासार’ झालं. बिर्याणी मात्र अजून ‘देग’मध्येच शिजते, आणि शब्दही देगच आहे.

ती बिर्याणी जुम्मा मशिदीच्या आसपास किंवा प्लेन व्हर्टच्या मुस्लिम वस्तीत खावी. मशीद 1850च्या दशकातली, गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली, आणि अंगणात बदामाचं झाड राखलेलं. बिर्याणीत तळलेला बटाटा असतोच, सोबत काकडीची कोशिंबीर. सोलापूरच्या माणसाला ती मसाल्यात जरा सौम्य वाटते. नवऱ्याने तसं बोलून दाखवलं आणि दुसरी प्लेट मागवली. हलीमही मिळतो, पण आपल्यासारखा घोटलेला नाही. पातळ, सुपासारखा, पावाबरोबर. संध्याकाळनंतर पोर्ट लुईसमध्ये काही मिळत नाही म्हणणाऱ्यांनी प्लेन व्हर्ट पाहिलेलं नसतं.

चिनी पदार्थांबद्दल आपल्याकडे शंका असते. तळलेल्या नूडल्स म्हणजे ‘मीन फ्री’, आणि वाफवलेले गोळे म्हणजे ‘बुलेत’, हे बेटभर सगळ्या जमाती खातात. बुलेत माशाचे असतात, कोंबडीचे असतात, चोचोच्या फळाचेही असतात, आणि काही डुकराच्या मांसाचे. म्हणून विचारायचं. ‘हलाल’ हा शब्द प्रत्येकाला कळतो आणि विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. एका चिनी बाईने तर स्वतःहून मान हलवून आम्हाला पुढच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

ढोल पुरीच्या गाडीवरच्या मावशीने मला विचारलं, कुठल्या? महाराष्ट्र म्हटल्यावर खूश झाली. तिच्या गल्लीत मराठी घरं आहेत म्हणाली. मग माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं. "पण तुम्ही तर मुसलमान." तिचं बरोबरच होतं. त्या देशात शाळेत मूल आपल्या पूर्वजांची भाषा निवडतं. मुसलमानांची मुलं उर्दू किंवा अरबी, मराठी घरांतली मुलं मराठी. मराठी म्हणजे हिंदूच, असा हिशेब. मी दोन्ही शिकवते हे सांगितल्यावर तिला वाटलं माझं हिंदी कच्चं आहे, म्हणून तिने परत विचारलं.

हा प्रश्न मला नवा नाही. बीएड कॉलेजपासून ऐकते आहे, तोही मराठीच बोलणाऱ्यांकडून. "मॅडम, तुमचं मराठी किती छान, मुस्लिम वाटतच नाही." तिथे निदान विचारणारीच्या चेहऱ्यावर कौतुकाचा आव नव्हता, नुसतं कुतूहल होतं. बाजारापासून थोडं चाललं की आप्रवासी घाट लागतो. 1834पासून पुढे काही लाख मजूर तिथे उतरले, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या बंदरांतून निघालेले. मुंबईच्या जहाजांत कोकणातलेही होते. आज त्यांच्या बहुतेक नातवंडांच्या घरात क्रिओल बोलतात. मराठी शाळेच्या तासात आणि सणात उरली, उर्दूचंही फार वेगळं नाही. दोन्ही भाषांची शिक्षिका म्हणून मला त्या पायऱ्यांवर उभं राहून बरं वाटलं नाही. एवढ्या शाळा, एवढी पाठ्यपुस्तकं, आणि रोजच्या तोंडात टिकलं ते तुकमारिया आणि देग.

शेवटचा दिवस आग्नेयेच्या माहेबूर्गसाठी ठेवा, जमल्यास सोमवार, कारण त्या दिवशी मोठा बाजार भरतो. चिंच-मिरची लावलेला अननस तिथेच खावा. देठ धरून खाता येईल असा सोलून देतात. मग समुद्राजवळच्या एखाद्या लहान खानावळीत बसा. तिथे मी ऑक्टोपसचं कालवण मागवलं. आम्ही कोकणी, शाफई, आम्हाला समुद्रातलं सगळं चालतं. नवरा हनफी, त्याला मासा सोडून काही नाही. त्याने मोहरी-हळदीतला मासा घेतला. लग्नाला वीस वर्षं झाली, या बाबतीत कुणी कुणाला काही सांगत नाही. मुलगी आजवर बापाच्या बाजूची. त्या दुपारी तिने माझ्या ताटातले दोन तुकडे उचलले. त्याने पाहिलं, आणि माशाचे काटे काढत राहिला.