पोराला घेऊन घरी येताना

पुण्यात सकाळी पोराचे छोटे ऑपरेशन होते, संध्याकाळी घरी सोडतात. आईबापाचा जीव हलका होतो. पण पवन मावळातल्या माणसाची खरी वाट पुढेच असते. १९७८ पासून सोबतीला असलेली लोणावळा लोकल तुम्हांला कामशेतला उतरवते. तिथून पवनानगरचा रस्ता, त्यात पाऊस आणि अंधार. गुंगीतले पोर मोटारसायकलवर मध्ये बसवू नका. त्याची मान कलते, उलटी होते. जाण्याआधीच गावातली जीप सांगून ठेवा. दोघे जा: एकाच्या मांडीवर पोर, दुसऱ्याकडे औषधे. पाणी केव्हा, जेवण केव्हा, हे डॉक्टरांना विचारूनच निघा. घर लांब आहे, हेही आधी सांगा. रात्रभर ठेवून घ्या म्हणायला संकोच कसला? घरी आल्यावर रक्त किंवा उलट्या थांबेनात, तर १०८ ला फोन करा. भातलावणी एक दिवस थांबेल.