पडशीतले स्वस्त-महाग

माऊली, वारीची पडशी भरताना पैसा कोठे राखावा आणि कोठे सोडावा, हे पारखून घ्या. तुळशीची माळ सुती दोऱ्यात ओवा की चांदीच्या तारेत, मणी तुळशीचेच. तेथे साधी माळ पुरे. पावसाला प्लास्टिकचा कागदही चालतो. टाळ मात्र काशाचे घ्या. पितळेचे स्वस्त पडतात. पण तांबे-कथलाच्या काशाचा नाद रेंगाळतो, हे पन्नास वर्षे कीर्तनात उभा राहून मी ऐकले आहे. तो नाद साऱ्या दिंडीचा. पायताणही चांगलेच घ्या. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, वाटेत दिवेघाट. पातळ चपलेने पाय फोडले, की नाम सोडून मन फोडांपाशी जाते. मिरवायचे ते साधे असावे. चालवणारे आणि दुसऱ्याच्या कानी जाणारे खरे असावे. रामकृष्णहरी.