शंभर जोड आणि एक पत्र

शिफॉनच्या साडीचे आमच्या मुलुंडला आता काही नवल राहिलेले नाही. स्नेहसंमेलन आले की महाविद्यालयातल्या मुली आईच्या कपाटातली शिफॉन पळवून आणतात आणि पायात घोटाळत मिरवतात. पण ही तलम साडी भारतातल्या बड्या घरांत रुळवण्याचे श्रेय ज्या बाईंना दिले जाते, त्या आपल्या मराठी होत्या, हे वर्गात सांगितले की मुली चकित होतात. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आणि चिमणाबाई यांची ही कन्या इंदिराराजे. पुढे कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवी.

दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षे म्हणजे लंडन-पॅरिसच्या श्रीमंतांच्या चैनीचा काळ. इंग्रज उमरावांच्या लेकीसुना आज नाचाला, उद्या घोड्यांच्या शर्यतींना; आणि त्यांनी काय घातले होते याच्या बातम्या परवाच्या वर्तमानपत्रात! त्या मेळ्यात इंदिरादेवी कुठेही बावरल्या नाहीत. फ्रान्सहून शिफॉन मागवायचे, इटलीतल्या फेरागामोकडून एका खेपेस शंभर जोड बूट करवून घ्यायचे, त्यांतल्या काहींवर हिरेमोती जडवायचे, असा त्यांचा थाट. जुगाराच्या टेबलावर नशिबासाठी त्या रत्ने जडवलेले जिवंत कासव ठेवीत, असेही सांगतात. वडील १८६३ साली आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याला शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले. कवळाण्याची पायवाट एका पिढीत लंडनला जाऊन पोचली म्हणायची!

मला मात्र त्या शंभर जोडांपेक्षा एका पत्राचे मोल अधिक वाटते.

इंदिराराजांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. घराणे तोलामोलाचे, नात्यागोत्यात बसणारे. अडचण इतकीच की महाराज सोळा वर्षांनी मोठे, पहिली पत्नी हयात, आणि राणीवशात कडक पडदा. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात इंदिराराजांची कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी गाठ पडली, आणि एकोणीस वर्षांच्या त्या मुलीने आईवडिलांना न विचारता ग्वाल्हेरला पत्र धाडून लग्नाला नकार दिला. या पत्राचा अर्थ काय, अशी महाराजांची तार सयाजीरावांच्या हाती पडली, तेव्हा कुठे घरात उलगडा झाला! सयाजीरावांनी १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला होता. १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. पण घरच्या लेकीचा नकार पचवणे त्यांनाही जड गेले. १९१३ साली लंडनला तिचे जितेंद्र नारायणांशी लग्न लागले, तेव्हा आईवडील तिथे नव्हते.

हे सारे मला आठवले ते माझ्या भाचीमुळे. दोन वर्षांपूर्वी घाटकोपरला ताईच्या घरी पत्रिका छापून आल्या होत्या, हॉलची आगाऊ रक्कम भरली होती, आणि लग्नाला तीन आठवडे उरले असता ती मला म्हणाली, "मामा, मला हे लग्न नको. आईला तू सांग." आमच्यात मामाने भाचीला बोहल्यावर आणायचे असते, तिला बोहल्यापासून परत नेण्याचा विधी कोणत्याही पोथीत नाही. "कारण काय?" मी विचारले. "त्या घरात मला बोलताना आधी विचार करावा लागतो," ती म्हणाली. मी ताईकडे गेलो. त्या रात्री कोणी जेवले नाही. भावजींनी पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर ठेवला, आणि चार दिवस घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज नव्हता.

पण खरे टोचले ते शेजारच्या काकूंचे वाक्य : "बघू, आता कोणता राजकुमार आणते!"

इंदिराराजांनी तर खराच राजकुमार आणला होता. पुढे काय झाले? मद्याने पोखरलेले जितेंद्र नारायण १९२२ साली छत्तिशीत वारले. पदरात पाच मुले. मोठा मुलगा सात वर्षांचा. त्याच्या वतीने इंदिरादेवींनी राज्य सांभाळले. जी स्वतः सवत व्हायला तयार झाली नाही, तिच्या लेकीने, गायत्रीदेवींनी, दोन राण्या असलेल्या जयपूरच्या महाराजांशी १९४० साली प्रेमविवाह केला. इंदिरादेवींनी तिला काही वर्षे थांबायला लावले. पण अखेर वाट अडवली नाही. स्वतःच्या पत्राची आठवण त्यांना झाली नसेल का?

म्हणून काय त्यांचे ते पत्र चुकीचे ठरले? मुलीने 'नाही' म्हटले की आपण तिला जणू परीक्षेला बसवतो. पुढचा संसार सुखाचा झाला तर नकार बरोबर, नाही तर 'तेव्हाच ऐकले असते तर' हे आहेच! मुलाने मुलगी नाकारली तर त्याच्या नकाराला असली अट कोणी घातल्याचे माझ्या ऐकिवात नाही. नकोशा घरात न जाणे हे त्या दिवसापुरतेच पुरे असते. पुढच्या सुखाची हमी कोणाचा होकारही देत नाही.

१९६८ साली इंदिरादेवी मुंबईतच वारल्या. लोक अजून त्यांचे बूट मोजतात.

माझी भाची अंधेरीच्या कचेरीत जाते, रविवारी मुलुंडला येऊन मामीशी तास तास गप्पा मारते. लग्नाचे अजून नाव नाही. परवा कोणीतरी ताईला विचारले, "मग पुढे काय ठरले?" ताई शांतपणे म्हणाली, "तिचे ती ठरवील. तुम्ही चहा घेणार ना?"