आधी दिवा बघा



महात्मा फुले कृषी विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन मी शेतीखात्यात लागलो, त्याला आता तीस वर्षे होत आली. या तीस वर्षांत मोटार पाणी का फेकत नाही, पीक पिवळे का पडते, बियाणे का उगवत नाही, असले प्रश्न लोकांनी मला विचारले आणि मी उत्तरे देत आलो. सांगणाऱ्याला एक खोड लागते. आपण सांगितलेले आपल्यालाही लागू आहे, हे तो विसरतो. माझे तसेच झाले. ते कसे, ते आज सांगतो.

गोष्ट २०२३ सालच्या जुलै महिन्याच्या अखेरची. एक रुपयात पीक विमा ही योजना त्या वर्षीच्या खरिपापासून सुरू झाली होती. (२०२५ च्या खरिपापासून ती बंद झाली आणि हप्त्याचा ठरलेला वाटा पुन्हा शेतकऱ्याकडे आला.) ३१ जुलै ही मुदत होती. पुढे ती तीन दिवसांनी वाढली, पण त्या दिवशी ते कोणाला ठाऊक? अर्ज भरायला सगळीकडे रांगा लागल्या होत्या. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस कोसळत होता, वीज येत होती, जात होती.

अशा दिवशी दुपारी राजूरकडच्या एक मावशी अकोल्याला माझ्या घरी आल्या. पदर भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सातबारा, आठ-अ, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक. केंद्रावर सकाळपासून उभ्या होत्या, नंबर लागला नाही. मालक जाऊन चार वर्षे झालेली, दीड एकर भात, पदरात शिकणारा एक मुलगा. शेतकऱ्याला स्वतःचा अर्ज स्वतःही भरता येतो हे मला माहीत होते. घरी मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर होता. म्हटले, बसा मावशी, इथेच भरू.

सकाळी छत गळत होते म्हणून टेबल भिंतीपासून पुढे ओढले होते. त्यावरच कामाला लागलो. निम्मा अर्ज भरून झाला आणि साइट अडकली. तेवढ्यात चहा आला. चहा झाला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. वीस-पंचवीस मिनिटांनी येऊन बघतो तो स्क्रीन काळी ठिक्कर! माउस हलवला, बटणे दाबली, काही नाही. माझ्या कपाळाला घाम आला. मावशींची शेवटची गाडी साडेसहाची.

मी लगेच निदान करून मोकळा झालो. म्हणालो, "मावशी, पावसानं मॉनिटर जळाला वाटतं. आता काही खरं नाही." आणि डब्याचे मोठे बटण दाबून धरायला हात पुढे केला.

मावशी उठून जवळ आल्या आणि खाली वाकून म्हणाल्या, "साहेब, मोटार बंद पडली म्हंजी तुमीच सांगता ना, आधी दिवं बघा म्हनून? ह्याचा दिवा तर लागलाय की."

खरेच, स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक नारिंगी दिवा लागला होता. मी गप्प झालो. मग त्या हळूच म्हणाल्या, "आमचे मालक सारखे म्हनायचे, त्या टमाट्याच्या वक्ताला साहेबांनी मुळी बघाया पायजे व्हती."

वाचकहो, हे वाक्य माझ्या काळजात गेले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या टोमॅटोचा शेंडा पिवळा पडला होता. मी बांधावरूनच बघितले आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी लिहून दिली. त्यांनी उसनवारी करून औषध आणले, दोनदा फवारले. आठ दिवसांनी झाड उपटले तेव्हा कळले, सरीत पाणी साचून मुळे कुजली होती. पाण्याला वाट करून द्यायची होती, औषधाचे काही काम नव्हते. प्लॉट गेला. तो माणूस मला कधी वावगे बोलला नाही. त्यानंतर मी प्रत्येक सभेत सांगत आलो, की पान पिवळे दिसले तर आधी मूळ बघा. लक्षण एक असते, कारणे दहा असतात. आणि त्यांच्याच घरची बाई समोर असताना मी पुन्हा बांधावरूनच निदान केले!

मग शांतपणे बसलो आणि मोटारीच्या क्रमाने निघालो. मोटार बंद पडली तर आपण काय करतो? पॅनेलवर लाल, पिवळा, निळा असे तिन्ही फेजचे दिवे आहेत का ते बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग फूट व्हॉल्व्ह. मोटार विहिरीतून वर ओढायची पाळी अगदी शेवटी. इथेही तेच.

पहिली गोष्ट दिवा. दिवाच नसेल तर स्क्रीनला वीज नाही. पिन आणि बोर्ड बघावा. दिवा नारिंगी असेल किंवा उघडमीट करीत असेल, तर बहुतेक मॉनिटरमध्ये त्याचा अर्थ असा, की वीज आहे, पण डब्याकडून चित्र येत नाही. पांढरा, निळा किंवा हिरवा असेल तर स्क्रीन जागी आहे. म्हणजे आमची स्क्रीन जळालेली नव्हती, नुसती वाट बघत होती.

दुसरी गोष्ट, डबा जागा झाला आहे का? कळफलकावर कॅप्स लॉक नावाचे बटण असते. ते दाबल्यावर त्याचा बारीक दिवा लागला आणि पुन्हा दाबल्यावर विझला, तर कॉम्प्युटर जिवंत आहे. आमचा लागला, विझला. मावशी म्हणाल्या, "म्हंजी जनावर उठलंय, डोळं उघडंनात."

तिसरी गोष्ट, पाइप. डब्यातून स्क्रीनकडे जाणारी वायर हाच आपला पाइप. टेबल ओढताना तिला ताण बसला होता आणि तिचा एक स्क्रू ढिला झाला होता. ती काढून नीट बसवली, दोन्ही स्क्रू आवळले आणि स्क्रीनचे बटण बंद करून पुन्हा चालू केले. क्षणभर काळोख, आणि चित्र आले! मध्ये वेळ गेल्यामुळे लॉगिन पुन्हा करावे लागले, पण कागद आधीच चढवून ठेवलेले होते. सहाच्या आत पावती निघाली. मावशींनी ती पिशवीत गुंडाळली आणि गाडी गाठली.

इथे माझी एक चूक कबूल करतो. वायर आणि बटण या दोन्ही गोष्टी मी एकदम केल्या. त्यामुळे नेमका गुण कशाने आला, ते कळले नाही. प्रयोगाच्या वाफ्यात आपण खत आणि पाणी एकाच वेळी बदलत नाही, तोच नियम इथेही आहे. पुढच्या आठवड्यात स्क्रीन पुन्हा तशीच काळी पडली. या वेळी एकेक करून पाहिले. वायर घट्ट होती. स्क्रीन बंद-चालू करून उपयोग झाला नाही. मग मुलीने फोनवर सांगितले तसे विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबली. एक बीप झाला, स्क्रीन लुकलुकली आणि चित्र आले. या चार बटणांनी चित्र पाठवणारी यंत्रणा नव्याने सुरू होते आणि आपले उघडलेले काम जात नाही. म्हणजे खरे दुखणे चित्र पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होते, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो नवा टाकून घेतला. त्यानंतर तक्रार नाही. खर्च शून्य.

ही झोप कॉम्प्युटरला लावली कोणी, असे कोणी विचारील. रिकाम्या चालू स्क्रीनवर वीज फुकट जाते म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९२ साली वीज वाचवणाऱ्या यंत्रांना 'एनर्जी स्टार' हे चिन्ह द्यायला सुरुवात केली. पहिली यंत्रे होती कॉम्प्युटर आणि मॉनिटर. हेतू चांगलाच आहे. पण एक लक्षात ठेवा. झोपलेल्या यंत्रातले उघडे काम थोड्याशा विजेवर तग धरून असते. मधेच वीज गेली तर ते काम गेले. आपल्या तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, तरी पावसाळ्यात घरचा दिवा केव्हा जाईल याचा नेम नाही! म्हणून उठताना कंट्रोल आणि एस दाबून काम जतन करावे. बराच वेळ बाहेर जायचे असेल तर यंत्र सरळ बंद करावे. अर्ज भरत असाल त्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन झोपेची वेळ 'कधीच नाही' अशी ठेवावी.

आणखी दोन गोष्टी. दिवा पांढरा किंवा निळा आहे, तरी स्क्रीन काळी, तर खोलीत अंधार करून बॅटरीचा झोत तिरका मारून बघा. आत पुसट अक्षरे दिसली तर स्क्रीनमागचा उजेड गेला, असे समजावे. ते काम मात्र कारागिराचे. आणि डब्याचे मोठे बटण दहा सेकंद दाबून धरणे हा उपाय आहे खरा, पण तो अगदी शेवटचा. त्याने न जतन केलेले सगळे जाते.

आता माझ्या मॉनिटरच्या कडेला कागदाची एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर लिहिले आहे, "आधी दिवा बघा." मुलगी हसते. पण ती चिठ्ठी कॉम्प्युटरसाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त आहे. कोणी पिवळे पान घेऊन दारात आला, की माझे लक्ष आधी त्या चिठ्ठीकडे जाते. मग चपला घालतो आणि म्हणतो, चला, शेतात जाऊन मूळ बघू.