पोळीबंदीचे दिवस

खामगाव, 2 जानेवारी 2025, गुरुवार

पुण्याच्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर तक्ता पाठवला आणि आजपासून आमच्या घरात पोळी बंद झाली. म्हणजे यांची. पोळी, भाकर, भात, पोहे, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ, केळं सगळं बाद. पनीर, अंडी, बदाम, तूप, पालेभाजी वाटेल तेवढं. कर्बोदकं दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत.

कनिष्ठ महाविद्यालयात गृहविज्ञान शिकवण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे तक्ता पाहिला की हात आपोआप कागदाकडे जातो. आमच्याकडची ज्वारीची एक भाकर साठ ग्रॅम पिठाची धरली तर चाळीस ग्रॅम तिथेच संपले. उरलेल्या दहात दोन वेळची भाजी, दही आणि दिवसभराचा चहा बसवायचा.

घर आडत्याचं. यांच्या गादीसमोर सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारीची पोती, आणि मालकाला धान्य वर्ज्य. सासूबाई ऐकून म्हणाल्या, "धान्य इकून पोट भरता अन् धान्यालेच नावं ठेवता काहो?" यांनी उत्तर दिलं नाही. वजन 92 किलो, एचबीए1सी 6.2. डॉक्टरांनी पोळी बंद करा असं कुठेही म्हटलेलं नाही. ते एवढंच म्हणाले, "मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे, सात-आठ किलो उतरवा." बंदीची कल्पना पुण्याची.

9 जानेवारी, गुरुवार

आठवड्यात जवळजवळ तीन किलो! हे आरशासमोर दोनदा उभे राहिले. मी पाण्याचा विषय काढला तो त्यांना मुळीच आवडला नाही. पण खरं तेच आहे. यकृतात आणि स्नायूंत मिळून पाचेकशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. धान्य थांबलं की शरीर आधी हा साठा मोडतं, पाणीही त्याच्याबरोबर जातं. काट्यावर दोन किलो असेच उतरतात. चरबीला हात लागायचा तो नंतर. पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, निगेटिव्ह नका बोलू." बरं.

डोकं दुखतं, तोंडाला वास येतो, पोट साफ होत नाही, या तक्रारी मात्र पुण्याला कळवल्या जात नाहीत. त्या माझ्यासाठी राखीव.

बाजारात आज वेगळीच चर्चा. शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस गळताहेत, तेही दोन-तीन दिवसांत टक्कल पडेल इतके. पाण्यावर संशय आहे.

13 जानेवारी, सोमवार, भोगी

तीळ लावलेली बाजरीची भाकर, लोणी, मिसळीची भाजी. सासूबाईंनी 'न खाई भोगी तो सदा रोगी' तीनदा ऐकवलं. हे पनीर खात बसले.

26 जानेवारी, रविवार

पुतण्या सुट्टीला आलाय, त्यामुळे दुपारभर वाद. हा आहार नवा आहे असं त्याला वाटतं. मी त्याला विल्यम बँटिंगची गोष्ट सांगितली. लंडनचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा गृहस्थ. लठ्ठपणाने इतका हैराण की बुटाचे बंदही बांधता येईनात. विल्यम हार्वी नावाच्या डॉक्टरने त्याची पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केली आणि तो उतरला. त्याने 1863 मध्ये स्वखर्चाने पुस्तिका छापली. 1972 मध्ये अमेरिकेत ॲटकिन्सने तेच नव्याने मांडलं. आता पुण्यात आलंय.

"पण काम करतं ना?" पुतण्या म्हणाला. करतं. ते मी कधी नाकारलं? प्रथिनं वाढली की भूक लवकर भागते. शिवाय या तक्त्याने यांचं चार वाजताचं फरसाण आणि चहाबरोबरची बिस्किटं गेली, एवढ्यानेही कुणीही उतरेल. प्रश्न असा की दोन वर्षांनी काय होतं?

इस्रायलमध्ये डिमोना इथल्या एका कामाच्या ठिकाणी 322 लोकांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला, 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी कर्बोदकांच्या गटाचं वजन सरासरी 4.7 किलोने उतरलं, कमी स्निग्धाच्या गटाचं 2.9 किलोने. भूमध्य सागराकडचं जेवण जेवणाऱ्यांचं 4.4. पुतण्या खूश झाला. मी म्हटलं, पुढे वाच. त्या लोकांना दुपारचं मुख्य जेवण कामावरच्या उपाहारगृहातून मिळत होतं, पदार्थांवर खुणा केलेल्या होत्या, आहारतज्ज्ञ ठरलेल्या वेळी गाठ घेत होते. गटात बहुतेक पुरुषच होते आणि त्यांच्या जोडीदारांनाही वेगळं शिकवलं होतं. म्हणजे बायकांनाही कामाला लावलं होतं! ते 4.7 किलो नुसत्या पोळी सोडण्याचे नव्हेत, त्यामागे एक अख्खं स्वयंपाकघर आणि दुसरं माणूस उभं होतं. आमच्या घरात ते दुसरं माणूस मी. सकाळी सासूबाईंची भाकर, माझी पोळी, यांचं पनीर, अशा तीन चुली.

2018 साली स्टॅनफर्डचा अभ्यास आला, 609 माणसं, एक वर्ष. कमी कर्बोदकवाले सहा किलोने उतरले, कमी स्निग्धवाले 5.3 किलोने. शास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नाही. एकाच गटात कुणी वीस-पंचवीस किलो उतरलं, कुणाचं उलट वाढलं. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा असंच सांगितलं होतं. मला तर वाटतं, खरं काम त्यानेच केलं असावं.

पुतण्या संध्याकाळी गाडीत बसण्यापूर्वी माझ्या हातच्या दोन पोळ्या खाऊन गेला.

4 फेब्रुवारी, मंगळवार

आज डबा द्यायला बाजार समितीत गेले होते. हर्रास संपली होती, हमाल सावलीत जेवत होते. जाडजूड भाकरी, ठेचा, कांदा, पातळ वरण. एकेक जण चार भाकरी खातो आणि पाठीवर दिवसभर पोती वाहतो. पोटं आत गेलेली. शेजारी गादीवर हे बदाम मोजून खात बसलेले. कर्बोदकाला शत्रू ठरवण्याआधी ते कुणाच्या पोटात जातं ते पाहायला नको का?

खर्चाचंही लिहून ठेवते. पनीर, बदाम, तूप यांनी महिन्याच्या किराण्याला भोक पाडलंय. आम्हाला झेपतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना असाच तक्ता कुणी दिला तर? त्यांचं वजनही जास्त आहे, गुडघे दुखतात. त्यांना रेशनवर माणशी पाच किलो फुकट मिळतं ते गहू-तांदूळ. डाळ विकतची.

11 फेब्रुवारी, मंगळवार

शेजारच्या काकांनी आमचं पाहून परस्पर भाकर सोडली. साखरेच्या गोळ्या मात्र तेवढ्याच चालू. काल दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखर देऊन सावरलं. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने असले प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत, हे पुण्याच्या तक्त्यात कुठेही नाही. डॉक्टरांनी आज मात्रा कमी केली आणि भरपूर बोलले.

20 फेब्रुवारी, गुरुवार, प्रकटदिन

शेगावला गर्दी. पहाटेपासून दिंड्या रस्त्याने चालल्या होत्या, आम्हीही गेलो. झुणका-भाकर गजानन महाराजांच्या आवडीची, आणि प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. यांनी नाही म्हटलं नाही. तिथपर्यंत ठीक. परतताना स्टेशनजवळ कचोरी, ती एक नाही, दोन. मग रात्री घरी भात. "आता मोडलंच आहे तर" हे वाक्य मी आज त्यांच्या तोंडून ऐकलं. अशा आहाराची खरी दुखरी जागा मला इथे दिसते. 'थोडं कमी' ही पायरीच त्यात नाही. माणूस एकतर पाळतो, नाहीतर पडतो. आपल्याकडे महिन्यातून चार तरी प्रसंग असे येतात, बारसं, तेरवी, भंडारा, साखरपुडा, की तिथल्या पंगतीत ताट सरकवून उठणं म्हणजे यजमानाचा अपमान.

भिशीत आज दीक्षितांचा विषय निघाला. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच जेवा म्हणतात, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटपा. मूळ कल्पना आपल्या विदर्भातल्या श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर नेमकं उलट सांगतात, थोडं थोडं आणि वेळेवर खा, तूप-भाताला भिऊ नका. 2018 च्या सुमाराला यावरून घराघरांत दोन पक्ष पडले होते, आमच्या भिशीत अजून आहेत. दीक्षितांच्या पद्धतीत भाकर जात नाही, खाण्याच्या वेळा जातात. त्यामुळे ती आमच्याकडच्या पंगतीत तरी टिकते, पहिल्या किंवा दुसऱ्या जेवणात पंगत बसवता येते. एवढ्यासाठी मी तिला बरे गुण देईन.

24 फेब्रुवारी, सोमवार

काटा दोन किलो वर. पुन्हा पाणी. यावेळी माझं ऐकून घेतलं.

27 फेब्रुवारी, गुरुवार

केसगळतीला नवं वळण. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं आहे. पंजाब-हरियाणाकडून आलेल्या गव्हात सेलेनियम फार जास्त, आणि बाधितांच्या शरीरात जस्त कमी, असं त्यांचं म्हणणं. आज बाजारात जो तो गव्हाबद्दल विचारत होता. कामाच्या बाई म्हणाल्या, "आम्ही पोळीच सोडली बाई, ज्वारीच खातो."

जिल्ह्यात आता पोळी सोडण्याची दोन कारणं झाली. पुण्याचा तक्ता आणि शेगावची बातमी. दोन्हींकडून माणसं ज्वारीकडे वळताहेत आणि ज्वारी म्हणजे कर्बोदकं नाहीत अशी एक समजूत जोरात पसरली आहे. तसं काही नाही. शंभर ग्रॅम पिठात गहू काय, ज्वारी काय, कर्बोदकं 65-70 ग्रॅमच्या आसपासच. ज्वारीचा फायदा दुसराच. भाकर जड, चावायला वेळ लागतो, दीड भाकरीत माणूस थांबतो. पोळ्या मऊ, बोलता बोलता पाच जातात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मागच्या वर्षी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाच्या 2000 उष्मांकात धान्य 250 ग्रॅम, डाळी-अंडी-मांस 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम. एकूण उष्मांकांपैकी धान्याचा वाटा 45 टक्क्यांवर आणा म्हणतात. संध्याकाळी मी आमच्या घरचं पीठ आणि डाळ वजन करून पाहिलं. धान्य बरंच जास्त, डाळ निम्मीही नाही. डाळ पातळ, वरणाच्या नावाने. आणि हे कुठे? ज्या घरासमोरून तुरीची, हरभऱ्याची पोती दिवसभर जातात तिथे. घाटावर काय, घाटाखाली काय, सगळा जिल्हा डाळ पिकवतो, ती विकतो, आणि त्या पैशाने तेल-बिस्किटं आणतो. शंभर ग्रॅम तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. पुण्याचा पुतण्या ज्या प्रथिनांसाठी पनीर आणायला सांगतो, ती आमच्या अंगणात पोत्यात शिवलेली आहेत.

पनीर बंद केलं. माझ्या अखत्यारीत.

30 मार्च, रविवार, पाडवा

महिनाभर नवी व्यवस्था चालू आहे. एका वेळी एक भाकर किंवा दोन पोळ्या, वरून मागायचं नाही. डाळ दाट, दोन वाट्या. झुणका, मोकळं बेसन, डाळगंडोरी, अंबाडीची भाजी हरभऱ्याची डाळ घालून, मोड आलेले मूग. भाजी दुप्पट. साखर चहातच, तीही निम्मी. फरसाण घरात नाही. भात रविवारी. चूल एकच. सासूबाईही हेच जेवतात, त्यांना त्यात नवं काही वाटत नाही, "आमच्या येळेले असंच होतं" म्हणतात. ते पूर्ण खरं नाही, त्यांच्या येळेले डाळही कमी होती. पण मी वाद घातला नाही.

आज पुरणपोळी. एक. तुपाची वाटी जवळ ठेवून, चवीने. दुसरी मागितली, मिळाली नाही, रागावले, मग झोपले.

वजन 88. पुतण्या फोनवर म्हणाला, "काकू, हे लो-कार्ब नाही." नाहीच. पण तुझ्या बंदीपेक्षा हे जास्त टिकेल, आणि प्रसंगाला मोडलं तर दुसऱ्या दिवशी परत बसतं. बंदीत चरबी झपाट्याने जात असेल, त्या शर्यतीत मी हरले. पहिल्या सहा महिन्यांत कमी कर्बोदकांचा आहार पुढे असतो आणि वर्षाअखेर बाकीचे त्याला गाठतात, हे 2003 पासून निरनिराळ्या अभ्यासांत दिसत आलंय. मी वर्षाअखेरीसाठी स्वयंपाक करते.

18 एप्रिल, शुक्रवार

एचबीए1सी 5.9. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा, आणि रोज चाला. चालण्याबद्दल यांनी मौन पाळलं.

30 एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

हे दुपारीच भेंडवळला गेले, घटमांडणी पाहायला. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात आज संध्याकाळी शेतात अठरा धान्यं गोल मांडतात, मध्ये घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, आणि रात्रीतून काय हललं ते पाहून उद्या पहाटे पीकपाण्याचं भाकीत. माझा विश्वास नाही. यांचाही नाही, पण बाजारातले सगळे जातात आणि उद्याच्या भावाच्या गप्पा त्याच्यावरच होतात, तेव्हा आडत्याला जावंच लागतं. त्या अठरांत तूर, उडीद, मूग, हरभरा, मसूर, वाटाणा, लाख आहेत. अठरांपैकी सात तरी डाळीच. हे मी निघताना त्यांना मुद्दाम सांगितलं.

बरोबर डबा दिलाय, दोन पोळ्या आणि झुणका. मुक्काम तिथेच.

सासूबाईंनी पितरांना पन्हं आणि आंबा दाखवला. म्हणजे आजपासून रस सुरू. पुण्याहून दुपारी मेसेज आला होता, आंब्याचं काय ठरवलं म्हणून. एक वाटी, जेवणातच, आणि त्या दिवशी एक पोळी कमी, असं कळवलं. वाटी कुठली, ते कळवलं नाही.