'कार्गो' : अंतराळातलं एक साधंसुधं ऑफिस

विज्ञानपट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? तबकड्या, लेसरच्या मारामाऱ्या, अमेरिकेवर आलेलं संकट आणि ते निवारणारा धिप्पाड हिरो! नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'वर पोसलेल्या माझ्यासारख्याला हा प्रकार कधी मानवला नाही. म्हणून आज 'कार्गो' या हिंदी चित्रपटाविषयी. मुंबईच्या मामि महोत्सवात तो २०१९ मध्ये दाखवला गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला. दिग्दर्शिका आरती कडव आपल्या नागपूरच्या, आयआयटीत शिकलेल्या.

कल्पना मोठी मजेदार आहे. राक्षसांनी माणसांशी वैर सोडलंय आणि आता ते चक्क सरकारी नोकरी करताहेत. मेलेल्या माणसांना पुढच्या जन्माला धाडायचं, हे त्यांचं काम. यानाचं नाव पुष्पक ६३४-ए. त्यावर प्रहस्त (विक्रांत मेस्सी) वर्षानुवर्षं एकटा ड्यूटी करतोय. रामायणात प्रहस्त हा रावणाचा सेनापती. इथे तो बिचारा कारकून! रोज मेलेली माणसं येतात. त्यांच्या वस्तू काढून घ्यायच्या, जखमा बऱ्या करायच्या, आठवणी पुसायच्या आणि पुढे रवाना करायचं. पुढचा! त्याच्या हाताखाली युविष्का (श्वेता त्रिपाठी) ही तरुण मुलगी येते आणि त्या शांत यानात जरा हालचाल सुरू होते. जमिनीवरून सूचना देणारे नंदू माधव म्हणजे 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'तले आपले फाळके. पडद्यावर आले की बरं वाटतं.

चित्रपट संथ आहे. मध्यंतरी तर तो एकाच जागी घुटमळतो, काही विनोदही फसलेत. यान पाहून जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाची आठवण येते. पण मला तेच आवडलं. मरणाचा एवढा मोठा विषय, आणि कुठे रडारड नाही, प्रवचन नाही. मरण म्हणजे टेबलावरची रोजची फाईल!

आता मुद्द्याचं. प्रहस्त या मेलेल्यांना 'कार्गो' म्हणतो. म्हणजे माल. हा शब्द मला खटकला आणि खटकता खटकता पटलाही. रोज मरणाला हात लावायचा तर माणूस मनाला थोडं कातडं चढवणारच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी लातुरात मास्तर होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. एकेका चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. तिथे राबणारी माणसं 'इथून किती, तिथून किती' एवढंच बोलत. ती निर्दय नव्हती. नावं विचारत बसली असती तर हात चालले नसते.

मग एप्रिल २०२१. आमचे अण्णा नांदेडला करोनाने गेले, नातलगांना ठाऊक आहेच. आम्ही लांब उभे. अण्णांचा चष्मा, घड्याळ आणि खिशातली छोटी डायरी प्लास्टिकच्या पिशवीत हाती आली होती. गोदावरीकाठच्या स्मशानात पांढऱ्या किटमधली पोरं 'बॉडी इकडं घ्या' म्हणत होती. सकाळपासून कितवी होती कोण जाणे. त्यातला एक पोरगा माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काका, नाव काय होतं बाबांचं?" मी सांगितलं. त्याने मान हलवली, चितेकडे बघून हात जोडले आणि पुन्हा कामाला लागला.

युविष्का यानावर येऊन काय वेगळं करते? हेच. ती आलेल्या माणसाकडे माणूस म्हणून बघते, त्याची चौकशी करते. त्याने मेलेला परत येत नाही, नियम बदलत नाहीत, रांगही कमी होत नाही. पण 'माल' क्षणभर पुन्हा माणूस होतो. मला वाटतं, सबंध चित्रपट या एवढ्याशा फरकासाठी केलाय, आणि तो मारामारीच्या दहा विज्ञानपटांपेक्षा मोठा आहे.

एक गोष्ट मात्र त्या राक्षसांच्या खात्याला जमलेली नाही. त्यांचं यंत्र आठवणी पुसतं ते जाणाऱ्याच्या. मागे राहिलेल्यांसाठी तसं यंत्र नाही, आणि नाही तेच बरं. अण्णांची डायरी माझ्या कपाटात आहे. तिच्यात दूधवाल्याचा हिशोब, दोन फोन नंबर आणि नातवंडांचे वाढदिवस लिहिलेत. यंदा त्या तारखांना मीच फोन करतो.

तेव्हा मंडळी, घाई नसेल अशा एखाद्या रात्री 'कार्गो' जरूर बघा. झोप आली तर दुसऱ्या दिवशी उरलेला बघा, काही बिघडत नाही.